नोंद कुणासाठी ठेवायची?

बडोद्याहून माझ्या आतेभावाचा व्हॉइस मेसेज आला. त्याच्या कॉलेजात प्राध्यापकांनी दर आठवड्याला आपल्या शिकवण्याची नोंदवही ठेवावी, असं घाटतंय. दादा भडकला होता. "वीस वर्षं शिकवतोय, आता काय चुकलं ते लिहून देऊ? नॅकच्या फाइलीत आणखी एक कागद!" (नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था.) घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी त्याचीच री ओढली. मला ते अजून खुपतंय.

मी इंग्लंडमध्ये शेफील्डला थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेचं शास्त्र, शिकवतो. एका वर्षी एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था असं सांगून मोकळा झालो. मुलांनी पसारा पडलेली खोली तेवढी लक्षात ठेवली आणि पेपरात तीच लिहिली. त्या संध्याकाळी ट्राममध्ये मी ते वहीत उतरवलं. पुढच्या वर्षी सुरुवात केली चार नाण्यांनी. एकूण रचना १६. दोन छापे, दोन काटे अशा ६, चारही छापे अशी एकच. जितक्या जास्त रचना, तितकी एन्ट्रॉपी जास्त. मुलांनी स्वतः मोजलं आणि वर्ग जागा झाला. वही नसती तर ऑक्टोबरात मी पुन्हा पसाराच सांगितला असता.

शिक्षणविचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली हेच मांडलं: कसलेला माणूस काम करताना विचार करतो, काम झाल्यावरही करतो. दादाला हे साहेबाचं खूळ वाटतं. मग त्याच्या मामांचं, म्हणजे माझ्या बाबांचं काय? दांडिया बाजारच्या घरी रात्री गणिताच्या पुस्तकाच्या समासात ते पेन्सिलीने लिहीत, "इथे अडले. उदाहरण बदलणे."

दादा म्हणेल, त्यांच्याकडे ते कुणी मागितलं नव्हतं. हे मात्र खरं. शिकवण्याबद्दलच्या फेलोशिपच्या अर्जात मीही चूक अशी निवडून लिहिली की शेवटी माझंच कौतुक व्हावं. फेलोशिप मिळाली. त्या पानांनी मला काहीही शिकवलं नाही. म्हणून भांडायचंच तर वही वरिष्ठांनी तपासू नये यासाठी भांडा. वहीशी कसलं वैर?

"तुझं बरं आहे, तिथे वर्गात पंधरा पोरं," असंही तो म्हणाला. माझ्या वर्गात १८० आहेत.

ट्राममधली वही मी मराठीत लिहितो. इंग्रजीत चूक लिहायला गेलो की वाक्य आपोआप अर्जासारखं होतं. इथे ती वाचू शकेल असं कुणी नाही. दिवाळीत घरी गेलो तेव्हा दादाला विचारलं, तुझ्या तासाला मागच्या बाकावर बसू का? "अरे, तू पाहुणा," म्हणाला आणि शेव-उसळ खायला घेऊन गेला. सायकल त्यानेच शिकवली होती मला, सूरसागर तलावाच्या काठाने. वही तेव्हा बॅगेतच होती. ती त्याला दाखवायचं धैर्य मला झालं नाही.