पेंग्विन आधी, बर्फ नंतर

राणीच्या बागेतल्या पेंग्विनचा फोटो आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, असा एक मेसेज या महिन्यात मला तिसऱ्यांदा आला. त्यात म्हटलंय: पेंग्विन बर्फासाठीच घडलेला पक्षी, त्याला गुडघे नसतात, म्हणून तो डुलत चालतो, तो आयुष्यात एकदाच प्रेम करतो आणि सुंदर खडा देऊन मादीला मागणी घालतो, बर्फ वितळला की तो संपणार, आणि अंटार्क्टिकाचा हा जीव मुंबईच्या उकाड्यात आणून आपण पाप केलं. पक्षी कोंडून ठेवावेत का, हा वाद वेगळा, आणि त्यात कदाचित मी मेसेजवाल्याच्याच बाजूचा निघेन. बाकीचं मात्र तपासून घेऊ.

आधी पाहुण्याचं गाव. भायखळ्यातले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. २०१६ साली ते दक्षिण कोरियातल्या सोलहून आले, पण ही जात मूळची पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची. किनाऱ्याला लागून अटाकामाचं वाळवंट. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे साचून घट्ट झालेले थर, म्हणजे ग्वानो, त्यात बीळ कोरून हे पेंग्विन अंडी घालतात. काचेपाशी उभं राहून नीट पाहा: चोचीच्या मुळाशी गुलाबी, बिनपिसांची कातडी दिसेल. जास्तीची उष्णता तिथून बाहेर पडते. बर्फातल्या पक्ष्याला अशी खिडकी कशाला लागेल?

‘मग एसी कशाला लावलाय?’ हा प्रश्न रास्त आहे. पेरूच्या किनाऱ्याला हम्बोल्ट प्रवाहाचं गार पाणी लागून वाहतं आणि हवाही गार ठेवतं. आपला मे महिना त्यांना सोसणार नाही. त्यांना गार समुद्र लागतो, बर्फ नव्हे. गॅलापागोसचे पेंग्विन तर थेट विषुववृत्तावर राहतात. पेंग्विनच्या अठरा-एक जातींपैकी अंटार्क्टिकावर पिल्लं वाढवणाऱ्या जाती एका हाताच्या बोटांवर मोजून होतात.

आता ‘बर्फासाठीच घडलेला’. इथे मेसेज सगळ्यात जास्त चुकलाय, आणि खरी गोष्ट त्याहून कितीतरी रंगतदार आहे. न्यूझीलंडमध्ये वायमानू नावाच्या पेंग्विनचे जीवाश्म मिळाले. तो सुमारे ६.१ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपल्याला जेमतेम पन्नास लाख वर्षं झाली होती. अंटार्क्टिकावर बर्फाची मोठी चादर पसरू लागली ती साधारण ३.४ कोटी वर्षांपूर्वी. हिशोब तुम्हीच करा. पेरूत सापडलेला इन्कायाकू नावाचा पेंग्विन ३.६ कोटी वर्षांपूर्वीचा; त्याच्या पिसांतले रंगकणही टिकलेत, आणि त्यावरून तो राखाडी व तांबूस-तपकिरी होता असं दिसतं. काळा कोट, पांढरा सदरा हा थाट नंतरचा. न्यूझीलंडच्याच कुमिमानू नावाच्या एका प्राचीन पेंग्विनचं वजन तर १५० किलोच्या आसपास धरलं जातं. असला पेंग्विन कडेवर घेऊन कोण फोटो काढणार!

पण त्याची ऊब राखायची सोय तरी बर्फामुळेच आली असेल ना? तीही नाही. पेंग्विनच्या पंखात खांद्याजवळ रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. बाहेर जाणारं गरम रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला ऊब देऊन जातं, त्यामुळे शरीरातली ऊब पाण्यात वाया जात नाही. या वाहिन्यांच्या खुणा हाडावर उमटतात, म्हणून जीवाश्मातही त्या शोधता येतात. २०११ साली संशोधकांनी त्या शोधल्या, तर ही रचना किमान ४.९ कोटी वर्षं जुनी निघाली. तेव्हा पृथ्वी आजच्यापेक्षा कितीतरी उबदार होती. पाण्यात तासन् तास मासे धरायचे, तर हवा गरम असली तरी अंगातली ऊब राखावीच लागते.

गुडघ्यांचं चटकन उरकू. कोंबडीचा लेगपीस आणि मांडी जिथे जोडलेली असते, तो पक्ष्याचा गुडघा. पेंग्विनलाही तो आहे, वाटीसकट. फक्त कातडी आणि पिसांच्या आत दुमडलेला. आणि डुलणं हे व्यंग नाही. लंबकासारखं या बाजूचं त्या बाजूला झुकल्यामुळे आखूड पायांची ताकद वाचते.

एकनिष्ठेबद्दल बोलायचं तर सम्राट पेंग्विनांत बहुतेक जोड्या पुढच्या हंगामात बदलतात. ते घरटंच बांधत नाहीत, अंडं पायांवर ठेवतात. मग खडा कशाला देतील? खडे लागतात अ‍ॅडेली पेंग्विनांना, घरटं उंच करून वितळलेल्या पाण्यापासून अंडी वाचवायला. शेजाऱ्याचे खडे तर ते सर्रास चोरतात. स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेतले डॉक्टर लेव्हिक यांनी १९११-१२ मध्ये या पेंग्विनांचं वागणं टिपलं आणि त्यातला लैंगिक वागण्याचा काही भाग चक्क ग्रीक लिपीत लिहिला, कोणी सहज वाचू नये म्हणून. तो मजकूर जाहीरपणे छापून आला २०१२ साली. आदर्श जोडप्याच्या शुभेच्छापत्रावर यापुढे हंस घ्यावा.

‘बर्फ वितळला की संपला’ हे सम्राट पेंग्विनपुरतं खरं आहे. २०२२ साली बेलिंग्सहाउसेन समुद्रातल्या पाचपैकी चार वसाहतींत बर्फ वेळेआधी फुटला आणि पिल्लं वाचलीच नाहीत. त्यांना पाण्यात टिकणारी पिसं फुटली नव्हती. हम्बोल्टचं दुखणं मात्र वेगळं. ज्या ग्वानोत तो बीळ करायचा, तो एकोणिसाव्या शतकात खतासाठी खरवडून जहाजांतून नेला गेला. एल निनोच्या वर्षी समुद्राचं पाणी तापतं आणि अँचोव्ही मासे दूर जातात, उरलेल्यांवर माणसाची जाळी असतात. आफ्रिकन पेंग्विनही असाच माशांवाचून मरतोय; २०२४ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त यादीत गेली. मार्च २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या न्यायालयाच्या आदेशानं त्याच्या सहा वसाहतींभोवती तारली आणि अँचोव्ही धरणाऱ्या बोटींना दहा वर्षांसाठी बंदी आली.