‘सेकंड माल विकला’ या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार अशी: आमच्याकडून घेतलेल्या, चांदीचा मुलामा दिलेल्या काटे-चमच्यांच्या संचात तीन काट्यांच्या पाठीवर फुल्या आहेत, एका चमच्यावर कंपनीच्या नावावरून आडवी रेघ मारलेली आहे आणि चार चमच्यांचा मुलामा गेला आहे, म्हणजे हा कारखान्याने बाद केलेला सेकंड माल, आणि आम्ही तो चांगला म्हणून विकला. सोबत फोटो दिलेत हे बरे झाले, त्यामुळे नगावार बोलता येते.

फोटोत ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ या नावाशेजारी आहे ती फुली नव्हे. तो ‘एक्स-आय-आय’ असा रोमन बाराचा ठसा आहे. पुढच्या दोन उभ्या रेघा झिजून पुसट झाल्या आहेत. काटा खिडकीपाशी तिरका धरलात तर दिसतील. हा ठसा मुलाम्याच्या प्रतीचा. ‘ए-वन’, ‘ट्रिपल’, ‘क्वाड्रुपल’ हे शब्दही तेच काम करतात. अमेरिकन व्यापारात ए-वन म्हणजे १४४ टीस्पूनवर मिळून २ ट्रॉय औंस (एक ट्रॉय औंस म्हणजे साधारण ३१ ग्रॅम) चांदी, ट्रिपल म्हणजे ६. भागून पाहिले तर एका चमच्यावर साधारण ०.४३ आणि १.३ ग्रॅम, तेव्हा ‘ट्रिपल’ वाचून फार हुरळून जायचे कारण नाही. १८४७ हेही बनावटीचे साल नाही. रॉजर्स बंधूंनी अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये ज्या साली मुलाम्याचा धंदा सुरू केला, ते साल पुढे छापेचाच भाग झाले आणि १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनीनेही ती छाप पुढे वापरली.

आता रेघ. सेकंड मालासाठी सगळ्या कारखान्यांची मिळून एकच खूण कधीच नव्हती. नावावर छिन्नीने मारलेली रेघ, वेगळ्या पंचाने उठवलेले अक्षर, घासून काढलेली छाप, असे काहीही सापडू शकते. म्हणून आम्ही खुणेचा अर्थ लावण्याआधी ती कशी उमटली आहे ते बघतो. दहापट भिंग घ्या. ठोकून उठवलेली रेघ सरळ असते, तिची खोली सगळीकडे सारखी, टोके बोथट आणि दोन्ही कडांना धातू किंचित वर आलेला. त्याच संचातल्या दुसऱ्या बाद नगावरही ती बहुधा त्याच जागी असते. ड्रॉवरमध्ये सुऱ्यांशी घासून पडलेला ओरखडा एका टोकाला निमुळता होतो, त्याची खोली बदलते आणि शेजारी बारीक समांतर चरे असतात. तुमच्या फोटोतली रेघ नाव सोडून दांडीवर अर्ध्या बोटभर पुढे गेली आहे आणि तिथे विरते. कारखान्यातला माणूस नाव खोडताना असे करत नाही.

रेघेच्या तळाशी पिवळट-करडा जर्मन सिल्व्हर (मुलाम्याखालचा तांबे-निकेल-जस्ताचा मिश्रधातू, यात चांदी नसते) दिसतो, हा तुमचा मुख्य पुरावा. त्यातून एवढेच कळते की रेघ मुलाम्यानंतरची आहे. कारखान्यातली छाननीही बऱ्याचदा मुलाम्यानंतरच होई, त्यामुळे रंगावरून निकाल कोणत्याच बाजूने लागत नाही. उलट तळाशीही चांदी असेल, तर ती खूण मुलाम्याआधीची, किंवा नगावर नंतर कोणीतरी पुन्हा मुलामा चढवलेला. दुसऱ्या प्रकारात छापेची अक्षरे बफखाली (पॉलिशच्या चाकाखाली) गोलसर झालेली असतात.

चार चमच्यांचा मुलामा वाटीच्या पाठीवर, चमचा ठेवल्यावर टेबलाला टेकतो नेमका तिथेच गेला आहे. ही वापराची झीज, आणि ती वर्णनात लिहिलेली होती. कारखान्याचा दोष हात किंवा टेबल लागत नाही अशा ठिकाणी शोधायचा: काट्याच्या दात्यांच्या मुळाशी उघडा राहिलेला धातू (मुलामा विजेने चढवतात; खोबणीत प्रवाह कमी पोचतो, म्हणून थर पातळ बसतो), दात्यांच्या टोकांवर खरखरीत ‘जळलेला’ मुलामा (तिथे प्रवाह जास्त), चांदीखालचे फोड, कडेला न घासलेली डायची (नग ठोकून घडवायच्या साच्याची) शिवण, दांडीच्या मध्यापासून सरकलेली नक्षी. दांडीच्या पुढच्या बाजूला उथळ खळगा असेल, तर तो बहुधा कोणाची तरी आद्याक्षरे घासून काढल्याचा असतो. तो सेकंड नव्हे.

यातला एकच मुद्दा उरतो. तुमच्या शेवटच्या फोटोत एका काट्याच्या दात्यांच्या मुळाशी करडा डाग दिसतो. तो काळा पडलेला थर आहे की उघडा धातू, हे फोटोवरून सांगता येत नाही. साध्या साबणाने धुऊन मऊ फडक्याने पुसा आणि सावलीतल्या दिवसाच्या उजेडात जवळून फोटो काढा. उघडा धातू निघाला तर तो काटा बदलून देऊ. पूर्ण संच परत करायचा असेल तर तोही घेऊ, येण्याजाण्याचा खर्च आमचा. तोवर बुडवून काढायचे क्लीनर आणि डिशवॉशर दोन्ही टाळा. क्लीनर डाग काढताना थोडी चांदीही खातो, आणि मग मूळ डाग कशाचा होता हे तुम्हालाही कळणार नाही, आम्हालाही नाही.