दचका आवाजाचा, ताण मात्र संकलनाचा

नमस्कार. भयपटांच्या ट्रेलरच्या संकलनावर मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे आणि तितकीच नेमकीही, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून सुटता येणार नाही. तुमचे आक्षेप तीन. भयपटाच्या ट्रेलरमध्ये सगळी करामत पार्श्वसंगीताची असते, संकलक त्यावर फक्त चित्रं चिकटवतो, हा पहिला. ‘कट जसजसे जलद, तसतसा ताण जास्त’ हे माझं वाक्य चूक आहे, कारण ‘द शायनिंग’ (१९८०) या भयपटाच्या टीझरमध्ये एकही कट नाही, हा दुसरा. आणि तिसरा असा, की फ्रेमचे हिशेब शिकवले की सगळे ट्रेलर एकाच साच्यातले होतात.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझी आहे. कट जलद केले की धांदल वाढते. ताण वाढायला कट अपेक्षेपेक्षा उशिरा यावा लागतो. त्या टीझरमध्ये लिफ्टची बंद दारं, स्थिर कॅमेरा आणि खालून वर सरकणारी नावं, एवढंच आहे. डोळ्यांना वाचायचं काम दिलंय आणि तेच घड्याळ झालंय. नावं संपली की काहीतरी होणार, हे कुणी न सांगता कळतं. मग नावं संपतात आणि रक्ताचा लोंढा येतो. कट नाही, पण नावं किती वेगाने सरकवायची आणि ती संपल्यावर रिकामी चौकट किती वेळ धरायची हे कुणीतरी ठरवलंच ना? त्यालाच मी संकलन म्हणतो. जलद कटांची माळ शोभते ती ट्रेलरच्या शेवटच्या १५-२० सेकंदांत, आणि तिथे ती ताण मोकळा करायला असते.

पहिला आक्षेप अर्धा मान्य. दचका हा आवाजाचाच असतो. आवाज काही मिलिसेकंदांत टिपेला पोचला की पापण्या मिटतात, मान आखडते. पडद्यावर मांजर आहे की मुडदा, याच्याशी शरीराला देणंघेणं नसतं. पण या दचक्याचं एक वैशिष्ट्य संकलकाला माहीत असावं लागतं. मोठ्या आवाजाच्या आधी साधारण ३० ते ५०० मिलिसेकंदांत एखादा बारीक आवाज येऊन गेला, तर दचका बोथट होतो. हे प्रयोगांतून पक्कं झालेलं आहे. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात ५०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम. म्हणून धमाक्याआधी चढत जाणारा आवाज, म्हणजे ‘रायझर’, थेट धमाक्याला भिडवू नये. तो तोडून मध्ये १४ ते २० फ्रेम कोऱ्या ठेवाव्यात. नवख्यांच्या टाइमलाइनवर याच जागेत दाराची कडी, कपड्यांची सळसळ किंवा ऑडिओ क्लिप कापताना राहिलेली ‘टिक्’ सापडते. मग धमाका कितीही वाढवला तरी कुणी हलत नाही. कोऱ्या म्हणजे शून्य मात्र नव्हे. पूर्ण शून्य आवाज थिएटरात बिघाडासारखा वाटतो आणि लोक मागे वळून प्रोजेक्टरकडे बघतात. खोलीचा मंद, एकसारखा आवाज खाली राहू द्यावा.

आता त्या कोऱ्या फ्रेममध्ये डोळा काय बघतोय? हे संगीतकार ठरवत नाही.

समजा, एक मुलगी आणि बंद दार. मुलगी ६० फ्रेम, दार ४८, पुन्हा मुलगी ३६, दार २४. ही उतरती भाजणी कुणालाही मोजता येते, आणि मोजता आलं की भीती संपली. त्याऐवजी तिसरा शॉट ३६ ऐवजी ८० फ्रेम धरा. साधारण चाळिसाव्या फ्रेमला प्रेक्षकाला कट हवा असतो, तो मिळत नाही. तिथून पुढच्या ४० फ्रेममध्ये तो चौकटीचे कोपरे धुंडाळू लागतो. मग दार, आता किंचित उघडं, ३० फ्रेम. काळोख १६. धक्क्याचा शॉट १० ते १२. यातला धक्क्याचा शॉट कुठे फसतो तेही सांगतो. नजर एका जागेवरून दुसरीकडे वळायला सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे जवळपास ५ फ्रेम लागतात. आधीच्या शॉटमध्ये नजर डावीकडच्या फटीवर असेल आणि भुताचा चेहरा उजवीकडे ८ फ्रेम आला, तर तो निम्म्या लोकांनी पाहिलेलाच नसतो. धक्का हवा असेल तर चेहरा नजर होती तिथेच आणावा. नुसती हुरहुर हवी असेल, तर मुद्दाम दुसरीकडे ठेवून शॉट लांबवावा.

संगीताशिवायचं उदाहरण म्हणून २०१३ च्या ‘द कॉन्जुरिंग’चा टीझर पाहा. टाळी वाजवून लपाछपी खेळायची, हा खेळ आधी शिकवला जातो. मग तळघरात आई काडी पेटवते आणि मागच्या काळोखातून दोन हात येऊन टाळी वाजवतात. टाळी हा काही भयंकर आवाज नाही. तिचा अर्थ आधी पेरला म्हणून ती भयंकर झाली, आणि पेरणी म्हणजे शॉटचा क्रम.

आवाजाची पातळी हा तर शुद्ध हिशेबाचा भाग. अमेरिकेत थिएटरच्या ट्रेलरसाठी ‘टासा’ या मानकाची मर्यादा ८५ डेसिबल आहे, आणि ती संपूर्ण ट्रेलरच्या सरासरीवर मोजली जाते. म्हणजे शांत सेकंद ही शिल्लक असते. सुरुवातीचा अर्धा मिनिट जपून खर्च केला तर शेवटी मोठा आवाज परवडतो. यूट्यूबवर हे गणित चालत नाही. तिथे साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाची सरासरी पातळी मोजायचं एकक) वर गेलेला आवाज खाली ओढला जातो, आणि त्या मापनपद्धतीत फार शांत भाग सरासरीत धरलेच जात नाहीत. थिएटरसाठी केलेलं आवाजाचं मिश्रण जसंच्या तसं चढवलं की अख्खा ट्रेलर मवाळ होतो, तो यामुळे. शिवाय फोनच्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत; ४० हर्ट्झची घरघर तिथे पोचतच नाही. तिच्यावर १५० ते ३०० हर्ट्झचा खरखरीत थर चढवावा लागतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात आवडला, पण दोष आकड्यांना देऊ नका. साचा होतो तो सगळे ठोक्यावर कापतात म्हणून. मिनिटाला ८० ठोक्यांचं संगीत घेतलं, तर एक ठोका १८ फ्रेमचा आणि चार ठोक्यांचं आवर्तन ७२ फ्रेमचं. धमाका बरोबर ७३ व्या फ्रेमवर टाकला की तिहाईनंतर, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवल्यावर, सम (आवर्तनाचा पहिला ठोका) आल्यासारखं समाधान मिळतं. मैफलीत त्यावर दाद मिळते, भयपटात जांभई. तिहाई जरूर बांधा, सम मात्र चुकवा. तोही अर्ध्या ठोक्याने, म्हणजे ९ फ्रेमने नको, कारण कान तेही मोजतो. ५ किंवा १३ फ्रेमने चुकवा. आकडे माहीत नसतील, तर कुठून सुटायचं हेही कळणार नाही.

एक राहिलं. धमाका कटवर नेमका असावा की आधी, असं तुम्ही शेवटी विचारलंय. थिएटरसाठी १ फ्रेम आधी. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे फ्रेममागे १४ मीटर. मागच्या रांगेला तो उशिराच पोचतो. फोनसाठी नेमका कटवरच ठेवा. त्यासाठी दोन वेगळ्या फाइली काढाव्या लागतात, आणि कंटाळा येतो तो तिथेच.