आखूड रॉडला मोठी रील: खुलासा

‘कार्प मासे पकडायच्या 9-10 फुटी रॉडला (गळाच्या काठीला) मोठी रील (दोरी गुंडाळायची चकरी) लावली की रॉड मोडतो,’ असा एक मेसेज फिरतोय. हे खरं नाही. रॉडवर ताण येतो तो माशाचा आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, किती आवळलाय त्याचा. रील केवढी आहे याचा नाही. ड्रॅग गच्च आवळला, तर छोटी रीलही रॉडचा घात करेल.

मग 12 फुटी रॉडवरची 10000 ची रील (हा आकाराचा क्रमांक; आकडा मोठा तशी रील मोठी) आखूड रॉडला लावावी का? शक्यतो नको, पण कारण वेगळं आहे. एक तर तोल जातो: सगळं वजन मुठीकडे येतं, हात लवकर भरून येतो. दुसरं, रुंद स्पूलवरून (दोरी गुंडाळलेल्या भागावरून) सुटणारी लाइन, म्हणजे गळाची दोरी, मोठी वेटोळी घेत येते. आखूड रॉडची पहिली रिंग (लाइन ओवायची कडी) बहुधा लहान आणि रीलच्या जवळ असते, तिथे ही वेटोळी घासतात आणि फेक कमी पडते.

साधारण 4000 ते 6000 ची रील अशा रॉडला शोभते. मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नका. एका कंपनीची 5000 दुसरीच्या 4000 एवढीच निघते. रॉडवर चढवून, हातात धरून बघा.