हेवी ड्युटी म्हणे!

कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांच्या पाकिटावर लाल अक्षरात ‘हेवी ड्युटी’ आणि खाली एक फुगलेला दंड. तो दंड ज्याने छापला त्याला एकदा रविवारी सकाळी आमच्या सफाईला गंगेवर आणा रे (गंगा म्हणजे आमची नाशिकची गोदावरी). ओल्या निर्माल्याची पिशवी हातात देतो आणि सांगतो, चढ आता पायऱ्या.

पिशवी अर्धीच भरली होती. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल, ठासून भरली असणार. आत झेंडूचे भिजलेले हार, तीन नारळ, मूठभर पणत्या आणि कुणीतरी भक्तिभावाने आणून टाकलेली देवाच्या फोटोची लाकडी फ्रेम. तळाला हात लावून उचलली. पहिल्या चार पायऱ्या बरं चाललं होतं. पाचव्या पायरीवर फर्रर्र! तळाची सील या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. हातात राहिलं काळं प्लास्टिक, बाकी सगळं माझ्या बुटात. आणि एक नारळ टप्पे खात, अगदी निवांत, पायऱ्या उतरून पाण्यात. अर्ध्या तासापूर्वी मीच गुडघाभर पाण्यात उतरून काढलेला नारळ!

एवढ्यात शेजारी वाती लावत बसलेल्या आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काय हो दादा, शिकलेले दिसता, आणि गंगेत कचरा टाकता?”

माझ्या छातीवर ‘स्वच्छ गोदावरी’ लिहिलेला टीशर्ट होता. हातात मोजे होते. तरी मी तोंडातून शब्द काढू शकलो नाही, कारण पुराव्यानिशी बघितलं तर त्यांचं बरोबरच होतं. आमच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आठच्या आत पडला. काढणारा तोच, जो दर रविवारी सव्वासातला येतो, झाडूसोबत फोटो काढतो आणि मिसळीला सगळ्यांच्या आधी पोचतो. त्याच्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी. झणझणीत लिहीन.

तर पिशव्या. रविवार कारंजाजवळच्या दुकानात विचारलं होतं, जाडीला किती मायक्रॉनच्या? त्याने पिशवी अंगठ्याखाली चोळली आणि म्हणाला, “शेठ, माल हाताला कळतो.” कॅरीबॅग 120 मायक्रॉनपेक्षा पातळ नको, हा नियम 31 डिसेंबर 2022 पासून देशभर आहे, भाजीवाल्या मावशीलाही पाठ आहे. पण या पाकिटावर मायक्रॉन शोधून दाखवा. इंच आहेत, नग आहेत, ‘लॅव्हेंडर सुगंध’ आहे. लॅव्हेंडर! सडक्या झेंडूत लॅव्हेंडर मिसळल्यावर काय होतं ते मी सांगणार नाही, तुम्ही जेवत असाल.

रात्री डोकं शांत होईना, म्हणून बायकोचा केक मोजायचा काटा काढला. तीस बाय सदतीस इंची पिशवी खरोखर 50 मायक्रॉनची असेल, तर एकेक 65 ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. दहा पिशव्या ठेवल्या. 230 ग्रॅम! म्हणजे एक 23 ग्रॅमची. म्हणजे साडेसतरा मायक्रॉन. काळा रंग असला की पातळपणा दिसत नाही, एवढंच. ट्यूबलाइटसमोर ताणून धरली तर पलीकडे बायको दिसत होती, आणि ती काट्याकडे बघत होती.

आणि तोंड उघडणं? पिशवीचं म्हणतोय. मोजे घालून उघडत नाही, मोजे काढून उघडत नाही, शेवटी बोटाला थुंकी लावायची, तीही गंगेवर कचरा उचललेल्या बोटाला. ओढायची दोरी असलेल्याही आणल्या होत्या गेल्या पावसाळ्यात. दोरी हातात आली. फक्त दोरी.

पुलावर गाडी हळू करून, काच खाली करून निर्माल्य पिशवीसकट फेकणाऱ्यांची पिशवी मात्र कधी फाटत नाही. गाठ मारलेली, जशीच्या तशी, तीन आठवड्यांनी सापडते. ते कुठून आणतात, जरा पत्ता द्या.

आता खरं सांगतो, कारण बायको हे वाचणार आहे. दुकानदाराने दोन माल दाखवले होते. दुसरा जाड होता, धुरकट, दिसायला भिकार, आणि पाकिटामागे तीस रुपये जास्त. मी काळा घेतला, वर पंधरा रुपये कमी करून घेतले आणि आनंदात घरी आलो. आई तेव्हाच म्हणाली होती, “अरे, कांद्याची बारदानं आण की मामाकडून. पाणी निथळतं, काच टोचली तरी फाटत नाही, आणि झटकून पुन्हा वापरता येतात.” मी तिला म्हणालो होतो, आई, आता जग पुढे गेलंय.

काल मामाने सहा बारदानं पाठवली. बाल्कनीत ठेवलीत, सगळ्या घराला लासलगावच्या मार्केटचा वास सुटलाय. आणि काळ्या पिशव्या अजून सत्तावीस उरल्यात. स्वयंपाकघरातल्या डब्याला लावून बघितली. डबा सगळा आत गेला.