आयती अणुभट्टी आणा म्हणे!

आज एका हळदीच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पोराने ऐकवलं, "काका, आपल्याला अणुवीज कधी जमलीच नाही. बाहेरून आयत्या अणुभट्ट्या घ्यायच्या, विषय संपला." समोरच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. वरणबट्टी काही गळ्याखाली उतरेना माझ्या.

अरे, आयतीच घेतली होती की! १९६९ ला सुरू झालेलं तारापूर अमेरिकेचं. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडा होता. १९७४ ला पोखरणची अणुचाचणी झाली आणि कॅनडावाले दुसरी भट्टी अर्धवट टाकून चालते झाले. पुढे अमेरिकेने तारापूरचं इंधनही अडवलं. ती अर्धवट भट्टी १९८१ ला आपल्याच माणसांनी चालू केली. मग कल्पाक्कम, नरोरा, काकरापार इथल्या भट्ट्या.

काकरापार म्हटलं की मला आमचे आप्पा दिसतात. नवापूरच्या पलीकडे गुजरातेत, आपल्याच तापीच्या पाण्यावरची भट्टी. आप्पा बांधकामावर वेल्डर होते. पाइपाचा जोड मारला की त्याचा एक्स-रे निघायचा. वरून झकास दिसणारा जोड, पण आत बारीकशी पोकळी सापडली की ग्राइंडरने कापा आणि पुन्हा पहिल्यापासून. "फोटोमा खोट दिखनी का काप, परत कर!" आप्पा करवादायचे. जोड तपासणाऱ्या साहेबांना शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डबा घेऊन परत तिथेच.

उशीर झाला, मान्य. देशाच्या विजेत अणुवीज जेमतेम तीन टक्के, तेही खरं. कल्पाक्कमचं फास्ट ब्रीडर, म्हणजे जाळते त्याहून जास्त इंधन बनवणारी भट्टी, २००४ ला बांधायला घेतलं, वीस वर्षं उलटली तरी त्याची वीज आली नव्हती. बस? झालं समाधान?

पण या भट्ट्यांना लागणारं जड पाणी कोणी देत नव्हतं, ते आपण बनवलं. २००८ पर्यंत बाहेरचं युरेनियम जवळपास बंद, आणि घरचं थोडकं. होमी भाभांना हे १९५४ लाच दिसत होतं, म्हणून तर शेवटी आपल्याकडे भरपूर असलेल्या थोरियमवर जायचा तीन टप्प्यांचा बेत त्यांनी आखला. आणि आप्पांच्या त्याच काकरापारला २०२० च्या जुलैत, सगळे घरात कोंडलेले असताना, ७०० मेगावॉटची पहिली स्वदेशी भट्टी पेटली. २२० मेगावॉटच्या भट्टीवरून ७०० वर आलो बाबांनो! आप्पांना हे सांगायला हवं होतं. ते एवढंच विचारणार, "जोड कोन्ही मारा?"

अणुकचऱ्याचं काय, असं कोणी विचारलं तर मी ऐकून घेईन. उकाई धरणात नवापूरकडच्यांच्या जमिनी बुडाल्या आणि यावल-रावेरला वीज रात्रीच येते म्हणून केळीला पाणी भरायला दोनला उठावं लागतं, यावर तर तुमच्याआधी मी भांडेन. फुकुशिमाचा अणुअपघात घेऊन या, चर्चा करू. पण एक जोड तीनदा कापून घेणाऱ्या माणसांना "जमलंच नाही" म्हणायचं असेल, तर माझ्या वॉलवर नको. त्या पोरालाही टॅग केलंय.