बिनपाण्याची हजामत

कार्पेटचा रंग ठरवणारा माणूस आणि ते कार्पेट साफ ठेवणारा माणूस एका खोलीत कधीच बसलेले नसतात. बसले असते, तर कँटीनच्या दारासमोर फिकट राखाडी कार्पेट जगात कुठेही दिसलं नसतं. आमच्या ऑफिसात ते आहे. कँटीनच्या स्वयंपाकघरापासून निघतं, लिफ्टपाशी वळतं आणि थेट साहेबांच्या केबिनपर्यंत जातं. स्वयंपाकघरातलं तेल बुटांच्या तळव्यांना लागून त्याच वाटेने, अपॉइंटमेंट न घेता, साहेबांना भेटायला जातं. नवख्या माणसाला कँटीन कुठे आहे हे विचारावं लागत नाही. काळा पट्टा धरून चालत राहिलं की झालं.

हे निस्तरायचं काम ऍडमिनचं, म्हणजे माझं.

कार्पेटमधला बहुतेक मळ ही सुकी धूळ-माती असते आणि ती व्हॅक्यूमने मुकाट्याने निघते. भानगड तेलाची. धाग्यावर तेलाचा पातळ थर बसला की येणारा-जाणारा प्रत्येक कण तिथेच मुक्काम ठोकतो. शिवाय ते तेल जुनं झालं की हवेतल्या ऑक्सिजनशी सूत जुळवून घट्ट, पिवळट आणि चिवट होतं. त्यात आमचं कार्पेट पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे एका प्लास्टिकच्या धाग्याचं. हा धागा पाणी पीत नाही, त्यामुळे पाणचट डाग त्यात मुरत नाहीत. तेलाशी मात्र त्याचं जन्माचं सख्य. कार्पेट विकणाऱ्याने आम्हाला यातला पहिला अर्धा भाग फार तपशीलवार सांगितला होता.

‘भरपूर गरम पाणी मारायचं आणि मशीनने ओढून घ्यायचं’ हा राजमार्ग आहे, आणि तेलकट मळासाठी तो चांगलाही आहे. पण त्यानंतर कार्पेट कित्येक तास ओलं राहतं आणि आमचं ऑफिस दोन पाळ्यांत चालतं. ओल एक-दोन दिवस रेंगाळली तर कुबट वास आणि बुरशी. अस्तर तागाचं असेल तर वर तपकिरी छटाही उमटते. सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे तळाशी दडलेला मळ सुकताना पाण्याबरोबर धाग्यांतून वर चढतो. रात्री अंतर्धान पावलेला डाग सकाळी जागेवर हजर. हजेरीपटावर इतका नियमित माणूस आमच्याकडे दुसरा नाही.

म्हणून ठरलं, की कमी पाण्यात होणारं काहीतरी बघायचं.

धुलाईच्या शास्त्रात झिनरचं वर्तुळ नावाची एक चीज आहे. हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली ते मांडलं. सफाईचे चार वाटेकरी: रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. एकाचा वाटा कमी केला तर तो बाकीच्यांना भरून काढावा लागतो. म्हणजे गरम पाण्याचा लोट काढून घेतला, तर केमिकल नेमकं हवं, घासणं जास्त हवं आणि वाट बघायची तयारी हवी. मी मीटिंगमध्ये फळ्यावर वर्तुळ काढून हे समजावलं. साहेबांनी ते लक्षपूर्वक पाहिलं आणि पाणी कमी, वेळ कमी, माणसं कमी आणि खर्च कमी, असं काहीतरी बघा म्हणाले.

अशा मागणीला हमखास धावून येतो तो बॉनेटवाला. गोल फिरणारं मशीन, खाली जाडजूड सुती पॅड, पॅड केमिकलमध्ये बुडवून पिळलेलं. त्याने केबिनसमोरचा तुकडा गर्रकन फिरवून दाखवला आणि तो खरोखर उजळला. साहेबांच्या तोंडून ‘वा’ निघालं. तसं ते वार्षिक ताळेबंदालाही निघत नाही. बॉनेटची सगळी गंमत या पहिल्या ‘वा’मध्ये आहे. पॅड धाग्यांची टोकं पुसतं, खालचा मळ खालीच राहतो, थोडा आणखी खाली रेटला जातो. पॅड भरलं की उलटायचं, दोन्ही बाजू भरल्या की बदलायचं, हा या पद्धतीचा पाया. कँटीनच्या दारापाशी त्याचं पॅड डांबरासारखं झालं तेव्हा मी म्हटलं, “दादा, उलटा ना.” तो शांतपणे म्हणाला, “साहेब, ही उलटलेलीच बाजू आहे.”

म्हणजे स्वयंपाकघराचं तेल त्याने यांत्रिक पद्धतीने, समान न्यायाने, सगळ्या मजल्याला वाटून दिलं होतं. वर मशीनच्या चकरांचे गोल-गोल वळसे कार्पेटवर कायमचे उमटले. कार्पेट बनवणारे बरेच जण बॉनेटला नाकं का मुरडतात, हे ते वळसे बघून कळतं. त्यातून शॅम्पूचा चिकट अंश धाग्यांत राहून गेला. धुळीला आता तेल आणि साबण असे दोन यजमान मिळाले. तेलही गेले, तूपही गेले, अशी म्हण आहे. आमचं तेलसुद्धा गेलं नाही.

मग पावडर झाली. दमट भुशासारखं दिसणारं ते मिश्रण, त्यात थोडं पाणी, थोडं डिटर्जंट, थोडं सॉल्व्हंट. ते पसरायचं, ब्रशने धाग्यांत घोळवायचं, मळ शोषू द्यायचा, मग व्हॅक्यूमने ओढायचं. सुकवायची जवळजवळ गरजच नाही. पद्धत चांगली आहे, मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. फक्त ‘शोषू द्यायचा’ या काळात कुणी त्यावरून चालायचं नसतं, आणि त्याच वेळी जेवणाची सुट्टी झाली. पुढे ती पावडर मला जिन्यात, लिफ्टमध्ये आणि एकदा अकाउंट्सच्या कपाटात भेटली.

शेवटी ज्या बाई आल्या, त्यांनी मशीन गाडीतून उतरवलंच नाही. खाली बसून कार्पेट बोटांनी उघडून पाहिलं आणि विचारलं, “व्हॅक्यूम केलंय?” आमच्या हाउसकीपिंगच्या मावशी बाणेदारपणे म्हणाल्या, “रोज करते.” बाईंनी एक हात फिरवून घ्यायला लावला आणि पिशवी उघडून दाखवली. मावशी त्यानंतर बराच वेळ माझ्याशी बोलल्या नाहीत. पिशवी जणू मीच भरली होती. तेल पातळ करण्याआधी सुकी माती काढली नाही, तर हाती फक्त चिखल येतो. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी बनवलेलं व्हॅक्यूम मशीन घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि त्याच्या लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत जायच्या. पुढच्या वर्षी राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतली कार्पेट्स त्याने साफ झाली. आमच्याकडे मशीन कपाटात आहे, घोडा लागत नाही, तरी ते रोज बाहेर येत नाही.

मग त्यांनी एक काचेची बशी मागितली. आपल्या द्रावणाचे थेंब तिच्यात टाकले आणि सुकायला ठेवून दिले. सुकल्यावर नखाने खरवडलं तर कडकडीत चुरा निघाला. “हा चिकट निघाला असता तर मी हे वापरलं नसतं,” त्या म्हणाल्या. या पद्धतीला एन्कॅप्सुलेशन म्हणतात. द्रावणातलं पॉलिमर मळाला वेढा घालतं, सुकताना त्याचे ठिसूळ स्फटिक होतात आणि मळ आत अडकतो. पुढच्या दिवसांत व्हॅक्यूम फिरला की स्फटिक तुटून मळासकट निघत राहतात. आज काम करणाऱ्याला श्रेय मिळत नाही, परवा व्हॅक्यूम फिरवणाऱ्याला मिळतं. आमच्या ऑफिसच्या संस्कृतीला हे फार साजेसं वाटलं.

पण जुनं तेल नुसत्या वेढ्याला शरण येत नाही, आधी त्याला जागेवरून हलवावं लागतं. त्यासाठी बाईंनी वेगळा स्प्रे मारला. त्यात संत्रावर्गीय फळांच्या सालींतून मिळणारं लिमोनिन होतं, ते तेल सुटं करतं. अल्कली होतं, ते तेलाच्या काही भागाचा साबण करून टाकतं. कार्पेट लोकरीचं असतं तर त्यांनी हे मारलं नसतं. लोकरीला अल्कली सोसत नाही. आमचं पॉलिप्रॉपिलीन निबर, त्याला काही होत नाही. स्प्रे मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. सुकू मात्र द्यायचं नाही.

ही दहा-पंधरा मिनिटं हाच या सगळ्यातला अवघड भाग. स्प्रे काम करत होता, पण दिसत काहीच नव्हतं. नुसत्या उभ्या असलेल्या माणसाचे पैसे द्यायचे, ही कल्पना साहेबांना सोसेना. ते केबिनबाहेर येऊन विचारून गेले, “सुरू कधी होणार?” बाई म्हणाल्या, “सुरू आहे.” ते घड्याळ बघून आत गेले आणि पुन्हा बाहेर आले.

मग एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन आडव्या ब्रशांचं मशीन आलं, द्रावण घासून मुरवलं गेलं, आणि दुसरी पाळी यायच्या आत कार्पेट पायाला कोरडं लागत होतं. पट्टा पुष्कळ उतरला. बाईंनी जाताना सांगितलं, की इतकं तेल रोज येत असेल तर अधूनमधून गरम पाण्याची खोल सफाई चुकणार नाही, मधल्या काळापुरतं हे ठीक. एवढं खरं बोलणारा माणूस आम्ही एरवी दुसऱ्यांदा बोलावत नाही. त्यांना बोलावलं.

“पण हा करडेपणा?” साहेबांनी उरलेल्या छटेकडे बोट दाखवलं.

“तो मळ नाही, सर. धागे घासून खरखरीत झालेत, उजेड त्यांच्यावर विखुरतो. धुऊन जाणार नाही.”

साहेबांनी थोडा विचार केला. “जरा जास्त केमिकल टाकून बघा ना.”

बाईंनी केमिकल टाकलं नाही. त्यांनी कँटीनच्या दारात, आतल्या बाजूला, एक लांब मॅट घालायला सांगितली. चार-पाच पावलं तिच्यावर पडली की तळव्याचं तेल तिथेच राहील. मी ती त्याच संध्याकाळी घातली. सध्या अख्खं ऑफिस कँटीनमधून बाहेर पडताना तिच्या कडेकडेने, भिंतीला चिकटून चालतं. कारण विचारलं तर म्हणतात, “नवीन आहे, उगाच घाण कशाला करायची?”